सपाट मैदानावरचा चढ

केतकीच्या हातातून चेंडू सुटला.

समोर सात चपट्या दगडांची लगोरी रचलेली होती. मागे वर्गातली मुलं उभी होती. कडेच्या बाकावर लोखंडे डॉक्टर हाताची घडी घालून बसल्या होत्या. चेंडू लगोरीला लागला तर केतकी आईजवळ राहणार होती. नाही लागला, तर पुढच्या जहाजात बसून परत पृथ्वीवर, हर्णैला मावशीकडे, एकटीच. निदान केतकीची तरी तशी पक्की समजूत होती.

चेंडू हवेत आहे.

त्याला तिथंच राहू द्या. तो कुठे पडतो हे पाहण्याआधी तो असा का उडतो हे कळायला हवं, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं. केतकी या मैदानावर पहिल्यांदा आली, त्या सकाळपर्यंत.

*

मैदान होतं वलयनगरात.

सायकलच्या चाकाची फुगवलेली ट्यूब डोळ्यांसमोर आणा. ती इतकी मोठी करा की तिच्या आत घरं, शाळा, भाजीचे मळे आणि माशांची तळी मावतील. आता ती अवकाशात नेऊन ठेवा आणि चाकासारखी गरगर फिरवत राहा. झालं वलयनगर. इथली माणसं ट्यूबच्या आत, बाहेरच्या कडेवर पाय ठेवून चालतात. त्यांची डोकी चाकाच्या मध्याकडे असतात. उभं राहून समोर पाहिलं, तर लांबवर जमीन हळूहळू वर जाताना दिसते. पाठ फिरवून पाहिलं, तरी ती वरच जाताना दिसते. दोन्हीकडे अगदी सारखी.

केतकीची आई, सुनंदा तांडेल, इथल्या माशांच्या तळ्यांवर कामाला आली होती. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीच्या घरातली बाई ती. मासे तिला नवे नव्हते, पाणी नवं नव्हतं. पाण्याला भरती-ओहोटी नाही, एवढं एकच तिला चुकल्यासारखं वाटे.

केतकी हर्णैच्या शाळेत लगोरीसाठी प्रसिद्ध होती. तिचा नेम सहसा चुकत नसे. त्यामुळे वलयनगरच्या शाळेत पहिल्याच खेळाच्या तासाला लगोरी रचलेली दिसली, तेव्हा तिला हायसं वाटलं. तिनं चेंडू मागून घेतला, एक डोळा मिटला आणि फेकला.

चेंडू लगोरीच्या खूप अलीकडे, कुणीतरी वरून दाबल्यासारखा जमिनीवर आदळला.

कुणी मोठ्यानं हसलं नाही. ताहेरा मुकादम नावाची मुलगी मात्र चेंडू उचलून देता देता म्हणाली, "अगं, चढ आहे ना. चढाला जरा उंच मारायचं."

ताहेराचा जन्म वलयनगरातलाच. केतकीनं तिच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दोघी एकाच पातळीवर उभ्या होत्या. जमिनीवर गोटी ठेवली असती तर ती कुठेच घरंगळली नसती.

मग चढ कुठे होता?

*

वलयनगरातले खेळ, केतकीला दिसले तसे:

बेडूकउड्या. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. आपण दुसरीकडे तोंड केलं की हसतात.

लिंबू-चमचा. सगळे बरोबर उलट दिशेला तोंड करतात. आपण बेडूकउड्यांची दिशा लक्षात ठेवून उभे राहिलो की आणखी हसतात.

लंगडी. जाताना पाय पिसासारखा उडतो. परत येताना कुणीतरी दप्तरात दगड भरल्यासारखं वाटतं. दप्तर पाठीवर नसतानाही.

साखळी. हात धरून पळताना वळावं लागतं. वळलं की डोकं गरगरतं. हे कुणालाही सांगायचं नाही.

*

का सांगायचं नाही?

कारण पृथ्वीवरून आलेल्या प्रत्येक मुलाला सुरुवातीला गरगरतं. बहुतेकांचं थांबतं. एखाद्याचं थांबत नाही, आणि मग त्याला परत पाठवावं लागतं. लोखंडे डॉक्टर ही तपासणी दवाखान्यात करत नसत. तपासायच्या टेबलावर सगळीच मुलं शहाण्यासारखी पडून राहतात, खरं काय ते मैदानावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खाली जाणारं जहाज सुटायच्या आधी त्या एकदा खेळाच्या तासाला येऊन बसत.

केतकीच्या आधी आलेला एक मुलगा असाच परत गेला होता. त्याचे वडील वरच राहिले. केतकीच्या आईचा करार दोन वर्षांचा होता. तो मध्येच सोडून तिलाही येता आलं नसतं. हे केतकीला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. जेवणघरात मोठी माणसं बोलत होती आणि ती भात कालवत होती, एवढंच.

त्या दिवसापासून तिला भूक लागेना. आई विचारी, बरं नाही का. ती म्हणे, बरं आहे. आई विचारी, खेळायला मजा येते का. ती म्हणे, येते.

डॉक्टरांच्या आधी धोका होता शिट्टीचा. शिट्टी म्हणजे खेळाच्या तासाची यंत्रताई. चार पाय, दोन लांब हात, आणि बोलायच्या आधी एक बारीक शिट्टी. तिला मुलांच्या नाडीचे ठोके लांबूनच कळत. केतकी तिच्यापासून चार हात दूर राही. चढाबद्दल विचारावं असं पुष्कळदा मनात आलं. पण विचारलं की शिट्टीला कळणार, हिला काही कळत नाही. शिट्टीला कळलं की डॉक्टरांना कळणार.

म्हणून केतकीनं न विचारता एक युक्ती काढली. लगोरीच्या मागच्या भिंतीवर एक निळा पाइप होता. लगोरीवर नेम न धरता त्या पाइपावर नेम धरला, की चेंडू वर जाई, मध्येच दबे आणि बरोबर लगोरीवर येऊन पडे. शाळा सुटल्यावर ती एकटीच पाइपावर चेंडू मारत बसे. का पडतो ते माहीत नव्हतं. पडतो एवढं पुरे होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ताहेरानं तिचा नेम पाहिला आणि कौतुकानं मान डोलावली. मग सहज म्हणाली, "आता उताराचा दाखव."

"उताराचा म्हणजे?"

"उद्या पूर्ण सामना आहे. अर्ध्यावर बाजू बदलतात. नाहीतर एका संघाला सगळा चढच नाही का येणार?"

केतकी धावत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिकडून लगोरीच्या मागे भिंत होती, पण पाइप नव्हता. तिनं मनातल्या मनात पाइप काढला आणि त्यावर चेंडू फेकला. चेंडू लगोरीच्या डोक्यावरून सरळ निघून गेला, पडायचं विसरल्यासारखा.

ती चेंडू तिथंच सोडून खेळाच्या खोलीकडे निघाली.

*

(चेंडू अजून हवेतच आहे. तो हा चेंडू नव्हे, दुसऱ्या दिवशीचा. विसरू नका.)

*

खेळाच्या खोलीत शिट्टी दोरीउड्यांच्या दोऱ्या गुंडाळत होती. केतकी दारात उभी राहिली, मागे ताहेरा.

केतकीनं आधी एकच विचारलं. मी तुला काही विचारलं, तर तू डॉक्टरांना सांगशील का?

बारीक शिट्टी वाजली. "त्यांनी विचारलं तर सांगेन. खोटं मला बोलता येत नाही. पण न कळणं हा आजार नाही, केतकी. त्याची नोंद मी कधीच करत नाही."

केतकीला ते अर्धंच पटलं. तरी तिनं विचारलं. चढ कुठे आहे?

शिट्टीनं उत्तर दिलं नाही. फुगडी येते का, असा उलटा प्रश्न केला. ही काय फुगडीची वेळ आहे, असं केतकीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण ताहेरानं हात पुढे केलेच होते. दोघींनी हातांची अढी घातली, पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि फिरू लागल्या.

काय वाटतंय, शिट्टीनं विचारलं. हात ताणले जातायत, ताहेरा म्हणाली. जोरात फिरा, शिट्टी म्हणाली. त्या जोरात फिरल्या. आता? आता हात खूपच ताणले जात होते. केतकीचं डोकं गरगरायला लागलं, तिनं ओठ घट्ट मिटले. थांबा, असं शिट्टीच म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं.

कोणत्याही वस्तूला जडत्व असतं (जडत्व म्हणजे कुणी ओढलं-ढकललं नाही तर आहे त्याच वेगानं सरळ रेषेत जात राहण्याचा स्वभाव). फुगडी घालताना केतकीच्या अंगालाही सरळच जायचं असतं. पण ताहेराचे हात तिला सारखे मध्याकडे ओढतात, म्हणून ती गोल फिरते. या मध्याकडच्या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात (अभिकेंद्री, म्हणजे केंद्राच्या दिशेचं). फुगडी जितकी जोरात, तितकी ही ओढ जास्त लागते.

"आता सांग," शिट्टी म्हणाली, "वलयनगर फिरतंय. तू त्याच्याबरोबर फिरतेस. तुला मध्याकडे कोण ओढतंय? हात तर कुणी धरलेला नाही."

केतकीनं वर पाहिलं, बाजूला पाहिलं. मग खाली.

"जमीन? ती ओढत नाही पण. ती खालून ढकलते."

शिट्टी म्हणाली, अगदी बरोबर. पायांना खालून जाणवणारा हा रेटा, त्यालाच आपण इथं वजन म्हणतो. पृथ्वी आपल्याला स्वतःकडे ओढते म्हणून हर्णैला वजन असतं. इथं जमीन सतत वळवत राहते म्हणून वजन असतं. वलयनगर म्हणजे एक भलीमोठी फुगडी आहे, आणि जमीन हे आपल्या जोडीदाराचे हात आहेत.

"आणि फुगडी जोरात घातली की हात जास्त ताणले जातात," केतकी सावकाश म्हणाली. ती थांबली. ताहेराला काहीतरी बोलायचं होतं, पण शिट्टीनं आपला लांब हात तिच्यासमोर आडवा धरला.

"म्हणजे वलय फिरतं त्याच दिशेला मी पळाले, तर माझी फुगडी आणखी जोरात होईल. मग मी जड होईन." केतकीचा आवाज आता भरभर येऊ लागला. "आणि उलट पळाले तर माझा वेग वजा होईल. मग मी हलकी होईन. तो उतार. बेडूकउड्या उताराला, कारण उडी लांब जाते. आणि लिंबू-चमचा चढाला, कारण..."

"कारण लिंबूही जड होतं आणि चमच्यात गप्प बसतं," ताहेरा म्हणाली. मग स्वतःच चकित झाली. "मला हे माहीत होतं. म्हणजे तसं करायचं हे माहीत होतं. का, ते कुणी विचारलंच नव्हतं."

राहिला चेंडू. तो हातातून सुटला की त्याला मध्याकडे ढकलणारं कुणी उरत नाही. त्याची फुगडी सुटते. तो सरळ जातो. वळत असते ती जमीन, आणि वळता वळता ती चेंडूच्या वाटेत येते. आपल्याला वाटतं चेंडू पडला. फिरण्याच्या दिशेनं फेकलेल्या चेंडूला आपला वेग अधिक वलयाचा वेग मिळतो, म्हणून तो जमिनीला लवकर जाऊन भिडतो. उलट फेकलेल्याचा वेग वजा होतो, म्हणून तो उशिरा भिडतो.

केतकीनं शेवटचा प्रश्न विचारला तो स्वतःलाच विचारल्यासारखा. उलट फेकताना वजा होत होत वेग शून्य झाला तर?

शिट्टीनं दोरी हातातून खाली ठेवली. "तर तो चेंडू पडणारच नाही. तो अवकाशात जागच्या जागी उभा राहील आणि खालून वलयनगर फिरत जाईल. पण तेवढ्या जोरानं फेकायला तुझा हात पुरणार नाही. उद्याचं बघ. उताराला काय करशील?"

"खाली मारीन. आणि हळू."

हे म्हणणं सोपं होतं. रात्री अंथरुणात केतकीला एवढंच दिसत राहिलं, की डोक्याला सगळं कळलंय, पण हाताला अजून निळा पाइपच माहीत आहे.

*

आता चेंडू.

सामन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात केतकीनं चढाला लगोरी फोडली होती. बाजू बदलल्या. उताराला तिची पाळी आली. लगोरीत प्रत्येकाला तीन संधी असतात. तिनं मनात म्हटलं, खाली, हळू. आणि हातानं ऐन वेळी जुनीच सवय काढली.

तोच तो चेंडू. तो लगोरीवरून, वीतभर उंचीनं, गेला.

डॉक्टर हलल्या नाहीत. मुलांमधून एक उसासा आला. केतकीला चेंडू आणून परत जागेकडे वळावं लागलं, आणि वळताना मैदान तिच्याभोवती गोल फिरलं. जमीन, बाक, डॉक्टर, पुन्हा जमीन.

दुसरी संधी. खूप खाली. चेंडू लगोरीच्या अलीकडे टप्पा घेऊन बाजूला गेला.

एक चेंडू जरा उंच, एक जरा बुटका. म्हणजे खरा मार्ग त्यांच्या मध्ये कुठेतरी होता. हे केतकीला कळत होतं. पण डोळ्यांसमोर लगोरी एका जागी राहीना. दगड सात होते की चौदा, हेही सांगता येईना. असं गरगरत असतानाच फेकावं, लागला तर लागला. किंवा मग...

तिनं बाकाकडे पाहिलं. हात वर केला. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"डॉक्टर, माझं डोकं फिरतंय. मी थोडं बसू?"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, संपलं. आता जहाज.

बस, डॉक्टर म्हणाल्या. केतकी खाली बसली. ताहेरा शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, मान हलवू नको, लांबच्या एकाच वस्तूकडे बघत राहा. केतकीनं लगोरीचा सगळ्यात वरचा दगड नजरेत धरला. हळूहळू चौदाचे सात झाले. सामना थांबला होता आणि कुणीही कटकट केली नाही. त्यातल्या निम्म्यांचे आईवडील पृथ्वीवरून आले होते. घरात गरगरण्याच्या गोष्टी सगळ्यांनीच ऐकल्या होत्या.

मग ती उठली. पाइप आठवला नाही. तिला डोळ्यांसमोर दिसली ती एक सुटलेली फुगडी, हळू, सरळ जाणारी, आणि तिच्या वाटेत शांतपणे चढत येणारी जमीन.

चेंडू गेला. तरंगल्यासारखा, कंटाळल्यासारखा गेला आणि वरचे तीन दगड उडवून पडला.

"पळ," ताहेरा ओरडली, "उतारानं पळ." कारण लगोरी फुटली की खेळ संपत नाही, तेव्हा कुठे सुरू होतो.

*

सामना झाल्यावर डॉक्टरांनी केतकीला बाकावर बोलावलं. आईही तळ्यावरून आली होती, हातात रिकामी बादली तशीच. केतकीनं आईचा पदर धरला. आधी बोलून टाकावं म्हणून ती म्हणाली की, रोज फिरतं डोकं, मी सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या की त्यांना ठाऊक होतं. मान वळवताना डोळे मिटणारं मूल त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतं. मग त्यांनी जे सांगितलं ते केतकीनं पुढे कित्येक दिवस मनात घोळवलं.

"गरगरणं मी मोजत नाही, ते सगळ्यांनाच होतं. गरगरत असताना लपवून पळणारं मूल पडतं, डोकं फोडून घेतं. ते मला खाली पाठवावं लागतं. जो परत गेला, तो शेवटपर्यंत मला ठीक आहे म्हणत होता. तू आज बसलीस."

लगोरी लागली नसती तरी, केतकीनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, लगोरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

म्हणजे सगळं मिटलं असं नाही. पुढच्या जहाजाच्या आधी पुन्हा तपासणी होती. तोवर गरगरलं की बसायचं आणि शिट्टीला सांगायचं. केतकीची धास्ती गेली नाही, कमी झाली. पण खाली जाणारं जहाज तिच्याशिवाय सुटलं, आणि त्या दिवशी ती दोनदा भात मागून जेवली.

*

अजून एक चेंडू राहिला आहे.

जहाज गेल्यानंतरच्या संध्याकाळी शिट्टीनं केतकीला आणि ताहेराला मैदानाच्या टोकाला, भिंतीपलीकडच्या वाटेवर उभं केलं, वाट मोकळी आहे याची खात्री केली आणि आपला लांब हात मागे नेला. तिनं उताराच्या दिशेला, वलयाच्या वेगाइतक्याच वेगानं चेंडू फेकला.

तो पडला नाही. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, दोरी बांधल्यासारखा, सरकत राहिला. शिट्टी म्हणाली, तो सरकत नाहीये, सरकतोय आपण. केतकीनं डोळे बारीक करून तसं पाहून बघितलं, आणि क्षणभर तिला खरंच दिसलं: चेंडू थांबलाय आणि मैदान, शाळा, तळी, सगळं वलयनगर त्याच्याखालून निघालंय. मग चेंडू खाली येऊ लागला. इथली हवाही वलयाबरोबर फिरते, शिट्टीनं सांगितलं, ती चेंडूला हळूहळू आपल्याबरोबर ओढते, म्हणून शेवटी तो पडतोच. पण मध्याजवळ एक लहान वलय बांधताहेत. तिथला वेग इतका कमी असेल की मुलांच्या हातांनीही चेंडू असा उभा करता येईल. तिथं कोणता खेळ खेळायचा, ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

ताहेरा लगेच नियम सांगायला लागली.

चेंडू पडला तो तळ्याच्या वाटेवर, आईच्या पुढ्यात. ती माशांच्या खाद्याची बादली घेऊन येत होती. तिनं वर पाहिलं, चेंडूकडे पाहिलं, मग दूरवरून पळत येणाऱ्या मुलीकडे.

"काय गं हा? इतका वेळ पडत कसा नव्हता?"

केतकीनं तिच्या हातातली बादली घेऊन बाजूला ठेवली आणि आपले दोन्ही हात अढी घालून पुढे केले.

"फुगडी घाल, म्हणजे कळेल," ती म्हणाली. "आणि आई, डोकं फिरलं तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही."